निम्मी गव्हाण

गेल्या आठवड्यात एका सकाळी कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला आणि दुपारपर्यंत मळीचा वास आमच्या गल्लीत येऊन बसला. गंगाखेडच्या माणसाला गाळप सुरू झाल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. नव्या सुना पहिले चार-सहा दिवस नाकाला पदर लावतात, मग त्याही विसरून जातात. मला तो वास आवडतो. हे मी एकदा बोलून दाखवलं होतं, तेव्हापासून लेक मला फोनवर हवापालटासाठी पुण्याला ये म्हणते.

रस्त्यावर पहिल्या गाड्या लागल्या. एके काळी या गाड्या दिसल्या की माझी नजर मागून ऊस ओढणाऱ्या पोरांना शोधायची आणि डोळे आपोआप वटारले जायचे. शाळा सुटली तरी मास्तरीणपणा सुटत नाही. आता मात्र मी बैलांचे खांदे बघते. जू कुठं टेकलंय, कातडं सोललंय का, दोघं एका चालीनं चालतायत का. डाव्या अंगाचा बैल वेगळा आणि उजव्या अंगाचा वेगळा, हेसुद्धा तीन हंगामांपूर्वी मला ठाऊक नव्हतं. आणि गाड्यांच्या मागं चालणाऱ्या बायांमध्ये मी एक चेहरा शोधते. यंदा तो पहिल्या गाड्यांमागं दिसला नाही.

तीन हंगामांपूर्वी मी नुकतीच सेवानिवृत्त झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सकाळी नऊनंतर घरात काय करायचं असतं ते कळत नाही. मी आमच्या ह्यांच्या पाठीमागं लागायची, पंखा बंद करा, चप्पल सरळ ठेवा, पेपरची घडी घाला. आठवड्याभरात ह्यांनी हात जोडले. डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय ना, मग चाल, आणि जमलं तर लांब चाल, असं म्हणाले.

लांब म्हणजे मी गावाबाहेरच्या अप्पांच्या मळ्यापर्यंत जाऊ लागले. अप्पा आमच्या गल्लीतलेच. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं आणि एक दिवस किल्ल्या मुलाच्या हातात देऊन मळ्यात निघून गेले. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि स्वभाव असा की समोरच्याला रागवायचं असेल तरी आधी गूळ देतील. मळ्यात त्यांनी टाकून दिलेली जनावरं ठेवायला सुरुवात केली होती. आधी एक गाय, मग तिच्या ओळखीनं आल्यासारख्या आणखी चार. लोक त्याला अप्पांचा आसरा म्हणायचे. मी पहिल्या दिवशी शिळी भाकरी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी तिथला झाडू कुठं असतो ते विचारलं आणि तिसऱ्या दिवशी जनावरांचं हजेरी रजिस्टर घातलं. अप्पांनी विरोध केला नाही. कुणी काय खाल्लं, कुणी पाणी प्यालं, कुणाचं शेण पातळ झालं, सगळं मी शाईनं लिहू लागले.

जनावरांचं खरं बघायचे ते रशीदभाई. ते जन्मभर टांगेवाले. परभणी स्टेशनवर टांगे बंद पडले तेव्हा घोडी विकायची वेळ आली. त्यांनी ती विकली नाही, तिला घेऊन अप्पांकडे आले. घोडी पुढं म्हातारी होऊन गेली, रशीदभाई राहिले. जनावराच्या कानाला हात लावून ताप सांगायचे. त्यांचा एकच शत्रू होता, नवाब. नवाब म्हणजे गोदावरीच्या पात्रातून वाळू वाहून वाहून मागच्या पायानं अधू झालेलं गाढव. घोड्यांत उमर काढलेल्या माणसाच्या नशिबी गाढव आलं म्हणून रशीदभाई त्याला टोमणे मारायचे आणि नवाबही संधी मिळेल तेव्हा त्यांना लाथ मारायचा. नाव मात्र त्यांनीच ठेवलं होतं.

गुलब्या आला तो गाळप सुरू होऊन महिना झाल्यावर. कारखान्याच्या रस्त्याला एका बाभळीला बांधलेला सापडला. पुढं चारा नाही, पाणी नाही, मालकाचा पत्ता नाही. लालकंधारी बैल, पण तो लाल रंग धुळीखाली शोधावा लागत होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पुढच्या एका खुराचा नाल अर्धा निघून लोंबत होता आणि मानेवर, जू टेकतं तिथं, तळहाताएवढी जखम, तीत माशा. रशीदभाईंनी त्याला चालवत आणलं. अर्ध्या तासाची वाट, पण तीन तास लागले. म्हणाले, मी उजवीकडून चाललो की हा माझ्यापासून अंतर ठेवून चालतो, डावीकडं गेलो की अडून उभा राहतो, फार बिचकलेलं जनावर आहे. मी रजिस्टरात लिहिलं, 'भित्रा.'

मला त्या न पाहिलेल्या मालकाचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याला अंगठे धरून उभा केला असता. दोन दिवस मी भेटेल त्याला विचारत होते, बैल कुणाचा. कुणालाच माहीत नव्हतं, किंवा कुणी सांगत नव्हतं.

त्याच सुमारास मळ्यात नवा गोठा झाला होता. वर पत्रे, खाली सिमेंट आणि प्रत्येक जनावराला लोखंडी नळ्या लावून स्वतंत्र जागा. या स्वतंत्र जागेचा आग्रह माझा. शाळेत भांडण करणाऱ्या, उष्टं खाणाऱ्या, एकमेकांचं बघून लिहिणाऱ्या पोरांना वेगळं बसवलं की निम्मे प्रश्न सुटतात, हा माझा अनुभव. गुलब्याला आम्ही कोपऱ्यातली सगळ्यात चांगली जागा दिली. ऊन यायचं, वारा लागायचा नाही, शेजारी त्रास द्यायला कुणी नाही. समोर विटांची लांब गव्हाण, एकट्याच्या मालकीची. आम्हाला वाटलं, याच्या आयुष्यात असं सुख पहिल्यांदाच आलं असेल.

तो खायचा, पण निम्मंच खायचा. कडब्याची दोन पाट्या कुट्टी टाकली तर एक पाटी संपवून मान वर करायचा आणि तसाच उभा राहायचा. डाव्या बाजूच्या नळीला अंग घासून उभा. त्या बाजूचे केससुद्धा झडले होते. जनावरांचे तरुण डॉक्टर आले, त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, जंताचं औषध दिलं, जखम धुऊन मलम दिलं. त्यांचं काही चुकलं नाही. अप्पांनी गूळ चारला, सरकीची पेंड भिजवून दिली. पेंड गव्हाणीत ओतली की तिचीही निम्मी राहायची.

उरलेलं वाया जाऊ नये म्हणून मी ते लगेच काढून गायींना घालायला सांगायची. टाकणं मला आवडत नाही. मग अप्पा म्हणाले, निम्मं सोडतोय म्हणजे त्याला लागतंच एवढं, एक पाटी टाका. एक पाटी टाकली, त्यानं अर्धी खाल्ली. मग आम्ही अर्धी टाकू लागलो. रजिस्टरात माझ्या सुवाच्य अक्षरात रोज एकच शब्द आहे. अर्धे. अर्धे. अर्धे. खाणं स्थिर आहे, असं मी एकदा डॉक्टरांना फोनवर सांगितलंही.

मी एकतीस वर्षं चौथीला अपूर्णांक शिकवले. भाकरीचे तुकडे करून शिकवले, अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, पावाचा अर्धा म्हणजे अर्धपाव. फळ्यावर नाही कळलं तर पोरांच्या डब्यातली भाकरी घेऊन दाखवायची. ती मी, रोज त्या गव्हाणीसमोर उभी राहून 'अर्धे' लिहीत होते. ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. ती पानं मी फाडली नाहीत.

त्या वर्षी थंडी बरी पडली होती. ज्वारीला कणसं धरली होती, लोक हुरड्याची बोलणी करत होते. मळ्यात अप्पांच्या दुकानातलं एक जुनं लाकडी बाकडं होतं, त्यावर मी उन्हात बसायची. टोकाला बसायची आणि शेजारी पिशवी ठेवायची. ही सवय एसटीतली आहे. शाळेला जाताना मी गंगाखेडला बसमध्ये चढायची, आणि गोदावरीचा पूल ओलांडला की पुढच्या फाट्यावर सुमन चढायची. सुमन माझ्या शाळेतली दुसरी बाई. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, ती पहिली-दुसरी, मी तिसरी-चौथी. खिडकीची जागा तिच्यासाठी धरायची म्हणून मी पिशवी ठेवायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, माणूस येणार आहे. अठरा वर्षं हे एक वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत विचारलं तरी म्हणेन. भांडणं केलीत त्या जागेसाठी. एकदा एका पोलिसाशीसुद्धा.

सुमन माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गेली. आठ दिवसांच्या तापात गेली. त्यानंतर एकटी जातानाही माझी पिशवी खिडकीच्या जागेवर असायची. कुणी म्हणायचं, बाई, सरका की. आणि मी सांगायची, माणूस येणार आहे. फाटा यायचा, जायचा. रोजचा कंडक्टर शहाणा होता, तो पुढं बघत तिकिटं फाडायचा. घरी हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं, असंच वाटायचं.

पौष लागला आणि एका सकाळी गुलब्या उठला नाही. बैल बसला आणि उठेना म्हणजे काय, हे बैल न पाळलेल्या माणसालाही कळतं. रशीदभाईंनी पोटाखालून पोती घातली, बांबू लावला, दोन गडी बोलावले. उचलला की थरथरत क्षणभर उभा राहायचा आणि पुन्हा खाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन-तीन दिवसांत आपण होऊन उठला तर उठला, नाहीतर आशा धरू नका. मी वहीत डोकं घालून उभी राहिले. मला हुंदका आला होता आणि त्या पोरसवदा डॉक्टरासमोर रडायचं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी द्वारकाबाई आली. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, आमच्या बांधापासून दिसायच्या. अप्पांच्या बोअरवरून त्या बाया पाणी न्यायच्या. ही त्यातलीच एक, चाळिशीपुढची, उसाच्या पाचटानं हात-तोंड ओरखडलेली, डोक्यावर कळशी. येलदरीच्या वरच्या अंगाच्या गावाची. तिच्या गावातून धरणाचं पाणी दिसतं, पण रान उंचावर, म्हणून दर वर्षी तोडीला यावं लागतं, असं तिनं पुढं कधीतरी सांगितलं. कळशी भरून निघता निघता ती गोठ्याशी थांबली. गुलब्या बसलेला, पुढं गोणपाटावर कुट्टी पसरलेली. डावीकडची खाल्लेली, उजवीकडची तशीच. तिनं कळशी खाली ठेवली आणि मला विचारलं,

"बाई, ह्येचा जोडीदार कुटं हाय?"

मी सांगितलं, एकटाच सापडला, जोडीदार नाही. ती आत आली. मानेवरची जखम कुठं आहे ते पाहिलं, डाव्या अंगाचे झडलेले केस पाहिले, मग गोणपाटाकडं बोट केलं.

"ह्यो डाव्या अंगाचा बैल हाय. त्येच्या वाटणीचं खायलाय त्यो. उरलेलं उजव्याचं हाय, त्येला कसं तोंड लावंल?"

मग तिनं जे सांगितलं ते तिच्या दृष्टीनं कुणाही लेकराला ठाऊक असावं असं होतं. गोऱ्हे एका गव्हाणीवर बांधतात तेव्हाच त्यांना हद्द शिकवतात. एकानं दुसऱ्याच्या बाजूला तोंड घातलं की नाकाडावर काठीनं हलकेच मारायचं. चार महिन्यांत शिकतात, मग मरेपर्यंत मोडत नाहीत. चांगल्या वळणाचा बैल रिकाम्या पोटी राहील, पण जोडीदाराच्या वाट्याला तोंड लावणार नाही. चालतानाही उजवीकडं त्याची जागा सोडूनच चालणार.

अप्पांनी जन्मभर तराजू धरला. रशीदभाईंनी एका घोडीवर संसार केला, टांग्याला जनावर एकच लागतं. मी पोरांना वेगवेगळं बसवलं. आम्हा तिघांत जोडीनं औत हाकलेलं एकही माणूस नव्हतं आणि त्या बैलाला आम्ही मायेनं उपाशी मारत होतो. मी द्वारकाबाईला विचारलं, मग आता दुप्पट टाकलं तर? टाका, म्हणाली, पोट भरंल. आणि कळशी उचलता उचलता म्हणाली, "पर बाजू मोकळी ठिवून उठायचा न्हाई बगा त्यो. बाजू भरा त्येची."

संध्याकाळी ती परत आली ती वाढ्याची मोळी घेऊन. ऊस तोडला की वरचं हिरवं शेंड्याचं राहतं ते वाढं, गाडीचे बैल त्याच्यावरच जगतात. आम्ही पसाभर नव्हे, गोणपाट भरून वाढं आणि कुट्टी टाकली. त्यानं अगदी मधोमध रेघ मारल्यासारखी डावी बाजू चाटूनपुसून साफ केली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या पोटात पुरेसा चारा गेला. पण दुसऱ्या दिवशीही तो उठला नाही. मान वळवून उजवीकडं बघत राहिला.

बाजू भरायची तर कुणानं? आमच्याकडं दोन म्हातारे बैल होते, पण ते एकमेकांना सोडून राहायला तयार नव्हते. एकाला ओढलं की दुसरा हंबरडा फोडायचा. गायी त्याच्या शिंगांना बुजायच्या. राहता राहिला नवाब. अप्पा गंभीरपणे म्हणाले, जीव तो जीव. रशीदभाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, या अल्ला, बैलाच्या जोडीला गाढव, हे बघायचं राहिलं होतं. द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसली. मी रीतसर कोपऱ्यातली नळी सोडवायला सांगितली. माझ्याच आग्रहानं बसवलेली नळी.

नवाबला उजवीकडं बांधला. गुलब्यानं त्याचा वास घेतला. नवाबनं काही घेतलं नाही, सरळ खायलाच सुरुवात केली. आपल्या बाजूचं वाढं त्यानं बघता बघता फस्त केलं. वाळूच्या खेपा करताना ज्यानं कधी बसून खाल्लं नाही, त्याला कसली हद्द आणि कसलं वळण. त्यानं मान लांब केली आणि गुलब्याच्या बाजूचा मोठा घास ओढला.

गुलब्या फुसकारला. नवाबनं दुसरा घास ओढला.

गुलब्याचे मागचे पाय हलले. एकदा घसरले. पुन्हा रोवले गेले, मागचं धड वर आलं, पुढचे गुडघे टेकलेले तसेच, वाटलं आता कोसळतो. मग त्यानं पुढचा पाय काढला, दुसरा काढला आणि तो उभा राहिला. सगळं अंग लटपटत होतं. तशाच लटपटत्या अंगानं त्यानं मान फिरवली आणि शिंगाच्या बाजूनं नवाबच्या नाकाडावर हलकेच एक ठेवून दिली. जोरात नाही, लागेल अशी नाही. वळण लावायला मारतात तशी. नवाब दोन पावलं मागं सरला आणि कान पाडून आपल्या बाजूला उभा राहिला.

मी भोकाड पसरलं. एकतीस वर्षं पोरांना 'रडायचं नाही' सांगणारी बाई त्या दिवशी सिमेंटवर बसून मोठ्यानं रडली आणि रडता रडता हसलीही. रशीदभाईंनी हात कपाळाला नेऊन गाढवाला सलाम केला.

"मान गये, नवाबसाब. डाक्टरचं काम तुमी केलं."

पुढचे दिवस आठवतात ते वासांनी. ओल्या पेंडीचा, वाढ्याचा, मलमाचा आणि हळदीचा वास. नवाब काही सुधारला नाही. तो रोज हद्द मोडायचा, गुलब्या रोज त्याला एक ठेवून द्यायचा, आणि या रोजच्या शिकवणीत गुलब्याच्या अंगात ताकद येत गेली. मला हे बघून फार आनंद व्हायचा. वाया गेलेल्या विद्यार्थ्यानं मास्तराला जगवलेलं मी शाळेतही पाहिलंय.

जखम भरत आली तसं एक दिवस द्वारकाबाई वाटीत लोणी आणि हळद घेऊन आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे असे मळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. पोळा श्रावणात असतो आणि हा माघ चालला होता. मी तसं म्हटलंही, पंचांग कुठं मोडेल म्हणून. ती म्हणाली, ह्येच्या पोळ्याला कुणी खांदा मळला का न्हाई, कुणाला ठावं. ती त्याची मान सावकाश चोळत राहिली, नव्या गुलाबी कातडीच्या कडेकडेनं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." गुलब्यानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. कुणीतरी त्याला हे पूर्वी म्हटलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

मालकावरचा माझा राग तिथं थोडा ढिला पडला. तिनं तो आधीच ओळखला होता. जोडीतला एक रस्त्यात गेला की उरलेल्याला गाडी नाही, औत नाही, आणि हंगामाच्या मध्यात नवा जोडीदार मिळत नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणून काय बाभळीला बांधून जायचं? तिनं मालकाची बाजू घेतली नाही. "वाईटच केलं," एवढंच म्हणाली. मग हात पुसत सांगितलं की तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा वारल्यापासून ती दिराच्या टोळीत येते.

"मी बी अर्दा कोयताच हाय बाई. मुकादम तसंच म्हनतो."

ती हे बोलली ते गाऱ्हाणं म्हणून नाही, गाव विचारल्यावर गाव सांगावं तसं. मी तिला बाकड्यावर बस म्हटलं. नगं बाई, हितं बरं हाय, म्हणून ती नेहमीसारखी खाली मातीत टेकली. बाकड्यावर मी होते आणि माझी पिशवी होती.

शिमग्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं. टोळ्या गेल्या, कोप्यांच्या जागी काळे चुलीचे दगड राहिले. गुलब्या राहिला. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत द्वारकाबाई आली, आली की आधी खांदा मळायची, आवतन द्यायची, मग पाणी भरायची. पोळ्याला आम्हीही मळतो, पण तिच्या हातासारखी त्याची मान आमच्या हाताखाली सैल पडत नाही. नवाब आता म्हातारा झालाय आणि अजूनही हद्द मोडतो. गव्हाण दोघांची असते. रजिस्टरात मी दोघांची नोंद एका ओळीत करते.

यंदा टोळ्या कमी आल्यात. ऊस तोडायचं यंत्र आलंय, ते चार दिवसांत फड मोकळा करतं, असं अप्पा सांगत होते. शेजारच्या रानात कोप्या पडल्या त्या मोजक्याच. मी पहिल्या दिवशी बांधापर्यंत जाऊन आले, दुसऱ्या दिवशी रशीदभाईंना पाठवलं. काही कळलं नाही. गुलब्याची मानही दोन-तीनदा त्या बाजूला वळली, किंवा मला तसं वाटलं. घरी ह्यांनी विचारलं, इतकी बेचैन का? मी म्हटलं, काही नाही, पेपरची घडी घाला.

आज सकाळी मी उन्हात बाकड्यावर बसले होते. टोकाला, पिशवी शेजारी. बोअरच्या बाजूनं कळशीचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही, भीती वाटली. मग पावलं ऐकू आली, एक पाय ओढत येणारी. द्वारकाबाईच होती. वाळली होती, पण होती. हातात लोण्याची वाटी होतीच. यंदा दिराची टोळी मोडली, दुसऱ्या टोळीत जागा मिळवून यायला उशीर झाला, आणि गुडघ्यानं दावा मांडलाय, वाकत नाही, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. गव्हाणीवरून गुलब्यानं मान उचलली होती. नवाबनं तेवढ्यात त्याच्या बाजूचा घास ओढला आणि या वेळी त्याला काही झालं नाही, कारण गुलब्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

ती खाली मातीकडं बघून थोडी घुटमळली. मग माझ्याकडं वळून म्हणाली,

"बाई, पिशवी उचला की जरा. बसती."

माणूस येणार आहे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. अठरा वर्षं आणि त्यावर पाच, इतकी सवय. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या," मी म्हटलं, "तुमच्यासाठीच धरली होती."